मतांची आसक्ती

उज्जयिनी म्हटली की महाकाल आणि कालिदास आठवतात. परंतु भगवान बुद्धांचे थोर शिष्य महाकात्यायन हेही याच नगरीचे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अवंतीचा राजा चंडप्रद्योत याच्या पुरोहिताचे ते पुत्र, असे पाली परंपरा सांगते.

गृहस्थ गृहस्थांशी का भांडतात, असे एका ब्राह्मणाने त्यांना विचारले. विषयसुखांच्या आसक्तीमुळे, असे त्यांनी सांगितले. मग संसार सोडलेले श्रमण आपापसांत का भांडतात? तर स्वतःच्या मतांच्या आसक्तीमुळे! अंगुत्तरनिकायात हा संवाद आहे.

त्याच ग्रंथात सुभाषणाच्या 5 कसोट्या दिल्या आहेत. बोलणे योग्य वेळी केलेले, सत्य, मृदू, अर्थपूर्ण व हितकर आणि मैत्रभावाचे असावे. यांतील चौथ्या कसोटीवर विषयांतर टिकत नाही, आणि तिसऱ्या व पाचव्या कसोट्यांवर अपमान टिकत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, वादसभेत आपले मत ठामपणे अवश्य मांडावे. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे आणि उत्तर त्याच्या मुद्द्याला द्यावे, त्याच्या व्यक्तित्वाला नव्हे. आपले मत खोडले गेले म्हणजे आपला अपमान झाला, असे समजण्याचे कारण नाही.