ओइताचं पत्र : जमिनीवर ठेवलेलं मस्तक

बेप्पू (जपान) : किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गेलेल्या वाचकांना बेप्पूची निम्मी ओळख आधीच झालेली आहे. गंधकाचा तोच वास, अंगाला तीच ऊब, आणि आंघोळीनं खरूज जाते, सांधे मोकळे होतात हा तोच ठाम विश्वास. फरक आकड्याचा. आपल्याकडं पैनगंगेच्या काठी शरभंग ऋषींच्या नावावर दोन-चार कुंडं, तर या एका शहरात दोन हजारांहून जास्त झरे. गटारांतून वाफ निघते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

हे पत्र मात्र झऱ्यांबद्दल नाही. क्यूशू बेटाच्या पूर्वेकडच्या या ओइता प्रांतात डोंगराच्या कड्यांवर बुद्ध कोरलेले आहेत, आणि जपानमधल्या अशा कोरीव कामाचा मोठा वाटा या एकाच प्रांतात आहे. कारण पायाखालच्या दगडात आहे. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वी शेजारच्या आसो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, राखेचे लोट इथवर आले आणि थिजून दगड झाले. हा दगड मऊ. छिन्नीला लवकर वश होतो, आणि पाण्यालाही तितक्याच लवकर. औसा तालुक्यातल्या खरोशाची लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वेरूळच्या काळ्या बसाल्टची मिजास जांभ्याला नाही. खरोशात सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले नरसिंह, कार्तिकेय, शिवपार्वती आज चेहऱ्यावरून नव्हे, उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखावे लागतात.

बेप्पूहून रेल्वेनं तासाभरावर उसुकी हे गाव आहे. सोया सॉस बनवणाऱ्यांचं, समुद्रकाठचं, आटोपशीर. स्टेशनवर उतरताच दगडाचं एक भलंमोठं मस्तक दिसतं. ही नक्कल. मूळ मस्तकाची गोष्ट हीच या गावाची गोष्ट आहे.

गावाबाहेर भातखाचरांच्या कडेला टेकडीच्या पोटात चार जागी मिळून साठेक मूर्ती आहेत. बहुतेक बाराव्या शतकातल्या, काही त्यानंतरच्या. शेवटच्या, फुरुझोनो नावाच्या गटात मधोमध दाइनिची नावाचा बुद्ध बसलेला आहे. पाझराच्या पाण्यानं आणि थंडीतल्या गोठण्यानं त्याची मान झिजली आणि मस्तक निखळून पडलं. ते कुणीतरी उचलून त्याच्यापुढच्या चौथऱ्यावर ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. कितीतरी पिढ्यांनी त्याला तसंच पाहिलं. पोस्टकार्डावर तेच, शाळेच्या सहलीच्या फोटोत तेच. मागं शिर नसलेलं धड, पुढं डोळ्यांच्या पातळीवर शांत चेहरा. १९८० नंतर मोठी दुरुस्ती सुरू झाली आणि प्रश्न आला, मस्तक वर बसवायचं का? तज्ज्ञांचं म्हणणं उघड होतं. गावातल्या अनेकांना मात्र ते नको होतं. त्यांचा बुद्ध खाली होता, हाताच्या अंतरावर होता. वर गेला की तो पर्यटकांचा होणार. शेवटी १९९३ मध्ये मस्तक धडावर चढलं. १९९५ मध्ये या मूर्तींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. कड्यात कोरलेल्या बुद्धांना तो जपानमध्ये प्रथमच मिळत होता.

मला विचाराल तर गावकऱ्यांची बाजू मला पटते, आणि तरीही मस्तक वर बसवलं ते बरंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं जे झालं ते आठवणाऱ्या कुणालाही मऊ दगडावरचा सुटा दगड सुरक्षित वाटणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या कुमामोतोत मोठा भूकंप झाला आणि त्याचे हादरे ओइतालाही बसले. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती. दोन्ही बातम्या तेव्हा एकाच पानावर वाचल्याचं काहींना आठवत असेल.

आता जवळून. मूर्तींवर लाकडी छपरं आहेत, देवळासारखी उताराची, त्यामुळं ऊन थेट येत नाही. डोळे सरावले की दाइनिचीच्या भुवयांच्या काळ्या रेघा दिसतात. ओठांवर तांबडा रंग अजून धरून आहे. केस उंच बांधलेले, सगळा बाज राजपुत्राचा. नांदेडच्या बुद्धविहारात पंचशील म्हणणारा माणूस इथं थबकेल. हा बुद्ध चीवरातला भिक्खू का नाही? उत्तर असं, की हा गौतम नव्हेच. हा वैरोचन, सूर्यासारखा सर्वत्र भरून राहिलेला बुद्ध, वज्रयानाच्या वाटेनं भारतातून चीनमार्गे इथं पोचलेला. त्याच्या सोबतीला अचल आहे, इथला फुदो. आमचा इंद्र, कुबेर, सरस्वती हेही सगळे जपानी नावं घेऊन इथं नांदतात. एका गटात क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना मेलेल्यांचा न्याय करणारे दहा राजे बसले आहेत. त्यातला एक आपला यम. चिनी अंमलदाराची टोपी घालून, समोर फाईल आली आहे अशा चेहऱ्यानं.

हे सगळं कुणी कोरलं त्याचा कागद नाही. कागद नसला की लोक गोष्ट करतात. इथली गोष्ट अशी, की एक गरीब कोळसेवाला दैवानं धनाढ्य झाला, त्याची लाडकी लेक वारली आणि तिच्यासाठी त्यानं हे बुद्ध घडवून घेतले. आपल्याकडं असं काही दिसलं की पांडव मदतीला येतात. माहूरच्या लेण्यालाही पांडवलेणीच म्हणायचं, मग ते राष्ट्रकूटांच्या काळातलं का असेना.

बेप्पूच्या उत्तरेला कुनिसाकी नावाचं गोल द्वीपकल्प आहे. तिथल्या कुमानो इथं तर गोष्टीनं मला हसवलंच. डोंगरावर सुमारे आठ मीटरचा अचल आणि त्याहून थोडा लहान वैरोचन कोरलेला आहे. खाली तिकिटाच्या खिडकीपाशी बांबूच्या काठ्या ठेवलेल्या असतात. एक घ्यायची, देवदारासारख्या उंच सुगीच्या झाडीतून चढायचं. शेवटचा टप्पा ओबडधोबड धोंड्यांच्या पायऱ्यांचा. देवानं एका राक्षसाला सांगितलं, एका रात्रीत शंभर पायऱ्या रच, नाहीतर तुला खातो. राक्षसानं नव्व्याण्णव रचल्या. देव घाबरला आणि त्यानंच कोंबड्यासारखी बांग दिली. राक्षस शेवटचा धोंडा खांद्यावर घेऊन पळाला. आपल्याकडच्या किती अर्धवट देवळांचं आणि लेण्यांचं काम असंच कोंबडं आरवल्यामुळं राहिलं आहे! फक्त आपलं कोंबडं खरं होतं.

अचल एरवी उग्र. हातात तलवार, तोंडात सुळे. कुमानोचा मात्र गावातल्या म्हाताऱ्यासारखा मिश्किल हसतो. या डोंगरांत बौद्ध भिक्षू आणि जुने डोंगरदेव हजारभर वर्षं एकाच आवारात राहिले. १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारनं फर्मान काढलं, देव वेगळे करा, बुद्ध वेगळे करा. देशभर मूर्ती फुटल्या, मठ ओस पडले. कुनिसाकीत मात्र आजही देवस्थानाच्या कमानीतून आत जावं तर पुढं बुद्ध भेटतो. खरोशाच्या एकाच डोंगरात शैव, वैष्णव आणि जैन लेणी आहेत, वर रेणुकेचं देऊळ आहे. आणि तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं अभ्यासक मानतात. त्यामुळं मराठवाड्याच्या माणसाला ही सरमिसळ नवी वाटू नये.

नवं वाटेल ते पाणी. इथल्या ओढ्यांना लांबी नाही, ज्वालामुखीची जमीन पाणी धरत नाही आणि जपानच्या मानानं पाऊसही बेताचा. म्हणून शतकांपासून बाराशेवर लहान तळी बांधत गेले आणि ती पाटांनी एकमेकांना जोडली. वरचं तळं खालच्याला पाणी देतं आणि कुणाची पाळी कधी हे गाव ठरवतं. डोंगरउतारावर कुनुगी नावाचं ओकचं झाड. त्याचे ओंडके तोडून त्यावर शिइताके अळिंबी घेतात, आणि बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. पानगळीचं कुजलेलं खत रान धरून ठेवतं आणि पाणी हळूहळू तळ्यात उतरतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये या सगळ्या व्यवस्थेला जागतिक कृषी वारशात स्थान दिलं. मूर्ती बघायला आलेले लोक या तळ्यांवरून सरळ पुढं जातात. मला वाटतं, ती बघायला म्हणूनच एखादा दिवस काढावा. कंधारला राष्ट्रकूटांनी बांधलेला तलाव अजून आहे, आणि त्याच गावात एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुटलेले अवयवही आहेत. मूर्ती आणि तलाव ही जोडी आपल्यालाही ठाऊक होती.

उसुकीच्या मूर्ती झिजायच्या थांबलेल्या नाहीत. छप्पर पाऊस अडवतं, कड्याच्या पाठीमागून झिरपणारं पाणी अडवणं अवघड. ते दुसरीकडं वळवावं लागतं. दगडातून पाणी सुकताना वर क्षार येतात आणि ते पापुद्रे सोलतात, म्हणून दुरुस्ती एकदा करून सुटत नाही. शेवाळ काढणंसुद्धा झाडलोटीसारखं नाही, रंगाला धक्का लागता कामा नये.

यायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये यावं. मूर्तींसमोरच्या शेतात तेव्हा कमळं असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री सगळ्या परिसरात मशाली लावतात. उकाडा दमट असतो, आपल्या मे महिन्यापेक्षा वेगळा आणि जास्त चिकट. स्टेशनहून बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ आधी बघून ठेवावी, नाहीतर टॅक्सीचे पैसे पडतात.