मिल्वॉकीच्या पोरांची बस

मिशिगन सरोवराच्या काठचं मिल्वॉकी हे अमेरिकेतलं शहर बिअर आणि हार्ले-डेव्हिडसनसाठी ओळखलं जातं. त्याच्या उत्तर भागात कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १९५०-६०च्या दशकांत तिथल्या शाळांत जागा पुरेनाशी झाली, की अख्खा वर्ग बाईंसकट बसमध्ये घालून गोऱ्यांच्या शाळेत नेत. तिथे तो वेगळ्या खोलीत बसे. कित्येकदा दुपारी जेवायला पोरांना मूळ शाळेत परत आणत आणि जेवणं उरकली की पुन्हा तिकडे पोचवत. शाळा तीच, पण पंगत एक नको. पंक्तिभेदाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

या प्रकाराविरुद्ध वकील लॉइड बार्बी यांनी १९६५मध्ये खटला भरला. निकाल लागायला १९७६चा जानेवारी उजाडला. वेगळेपणा बेकायदा ठरला, पण एकत्रीकरणाची बसही मुख्यतः एकाच दिशेने धावली. काळ्या वस्तीतली पोरं शहरभर पांगली आणि वस्तीतल्या काही शाळांना टाळं लागलं. नॉर्थ डिव्हिजन हायस्कूलची नवी इमारत उभी राहिली, तर ती 'विशेष' शाळा करायचं घाटू लागलं. म्हणजे वस्तीची शाळा वस्तीच्याच पोरांना पारखी. हॉवर्ड फुलर या कार्यकर्त्याने लोक जमवून तो बेत हाणून पाडला.

त्याच १९७६ साली पॅट्रिशिया ओ'फ्लिन पॅटिलो यांनी 'मिल्वॉकी कम्युनिटी जर्नल' हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र काढलं. पुढे त्याचे संपादक झाले मायकेल होल्ट. पत्रकाराने तटस्थ राहावं असं म्हणतात. होल्ट यांनी तसा आव आणलाच नाही. २०००मध्ये आलेल्या त्यांच्या 'नॉट येट फ्री ॲट लास्ट' या पुस्तकाच्या उपशीर्षकातच शाळा निवडण्याच्या हक्काचा लढा 'आमचा' म्हटला आहे, आणि तो नागरी हक्कांच्या चळवळीचं अर्धवट राहिलेलं काम ठरवला आहे. माझ्या मते यात फसवणूक नाही. १८२७मध्ये न्यूयॉर्कला पहिलं कृष्णवर्णीय वृत्तपत्र निघालं तेच मुळी आपली बाजू आपण मांडायला. होल्ट यांचा मुद्दा सरळ होता: पोराशेजारी कोण बसतं यापेक्षा पोराची शाळा कोण ठरवतं, हे महत्त्वाचं.

हा मुद्दा कायद्यात उतरवला ॲनेट 'पॉली' विल्यम्स यांनी. पॉलीबाई डेमोक्रॅट आमदार. जेसी जॅक्सन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराची राज्यातली धुरा त्यांच्याकडे होती. आधी वस्तीसाठी स्वतंत्र शालेय मंडळ मागून झालं. ते विधेयक कनिष्ठ सभागृहात तरलं आणि सिनेटमध्ये बुडालं. मग १९९०मध्ये त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्याशी हातमिळवणी केली. गरीब घरच्या मुलाने खासगी शाळा निवडायची आणि फी राज्याने भरायची. पहिल्या वर्षी सात शाळा, जेमतेम साडेतीनशे मुलं आणि प्रत्येकामागे २,४४६ डॉलर. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्के जागांची सोडत पाहिलेल्या पालकांना ती धाकधूक ओळखीची वाटेल.

विरोध घरातूनही झाला. शिक्षक संघटना होतीच, पण नागरी हक्कांची सर्वांत जुनी संघटना 'एनएएसीपी'ही विरोधात उभी राहिली. त्याला कारण होतं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९मध्ये एकत्रीकरण टाळायला सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांना खासगी शाळेसाठी अनुदान मिळालं, काळ्या मुलांना पाच वर्षं सरकारी शाळाच नव्हती. ज्या हत्याराने वार झाला, तेच हाती घ्या असं होल्ट आणि पॉलीबाई सांगत होते.

निकालांविषयी दोन्ही बाजूंनी बराच आरडाओरडा झाला. राज्याने नेमलेले अभ्यासक जॉन विटी यांना पालक समाधानी दिसले, पण गुणांत ठळक फरक आढळला नाही. दुसऱ्या संशोधकांनी त्यांचं गणितच खोडून काढलं. सातांपैकी एक शाळा पहिल्याच वर्षी अधेमधे योजनेतून बाहेर पडली आणि तिथल्या मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. बाजारात दुकान बंद होतं तसं. या जोखमीला निवडीच्या कैवाऱ्यांनी पुरेसं वजन दिलं, असं मला वाटत नाही.

१९९५मध्ये धार्मिक शाळांनाही दार उघडलं गेलं आणि १९९८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. मग वस्तीतल्या छोट्या शाळांच्या लढ्यात मोठ्या देणगीदार संस्था आणि मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते ठळकपणे दिसू लागले. २०११मध्ये उत्पन्नाची अटच काढून टाकायचा प्रस्ताव आला. गरिबांसाठी झगडून मिळवलेली योजना ऐपत असलेल्यांच्या घरी जाते आहे, हे पॉलीबाईंना मुळीच रुचलं नाही. एव्हाना शाळा-निवडीच्या बाजूने उभे असलेले फुलर तर राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला जाऊन आमदारांना सांगून आले, की हे केलंत तर मी तुमच्याबरोबर नाही. आमदारांनी अट काढली नाही. गरिबीच्या रेषेच्या १७५ टक्क्यांवरून ती ३०० टक्क्यांवर नेली.