बायका येत नाहीत, की चाचणी येत नाही?

कुर्डुवाडीहून बार्शी साधारण ३५ किलोमीटर. १८९७ साली या दोन गावांदरम्यान बार्शी लाइट रेल्वे धावू लागली, तेव्हापासून माढा तालुक्याचे बार्शीशी येणे-जाणे आहे. बाजारासाठी, भगवंताच्या दर्शनासाठी, दवाखान्यासाठी. पण स्त्रियांच्या एका जीवघेण्या आजाराबद्दल साऱ्या जगाने आपले धोरण बदलले, त्यामागे बार्शीच्या एका रुग्णालयाचे आणि आसपासच्या खेड्यांतील हजारो बायकांचे योगदान आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. हा आजार म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर.

भारतात या कॅन्सरचे दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याबरोबर तो असंसर्गजन्य आजारांच्या यादीत येतो. गंमत अशी, की त्याचे मूळ मात्र एका संसर्गात आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींमध्ये त्याचे धोकादायक प्रकार ठाण मांडून बसतात, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडवतात आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे कॅन्सर उभा राहतो. त्यामुळे हा आजार कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि दहा-पंधरा वर्षे म्हणजे तो वाटेतच अडवण्यासाठी मिळालेला भरपूर अवधी आहे.

खेड्यांतली नोंदवही

१९८७ साली बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तोवर कॅन्सरची मोजदाद होत असे ती मुंबईसारख्या शहरांत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे या नोंदणीत आली. माढा तालुका या पट्ट्याला लागूनच आहे.

शहरात नोंदणी करायची तर रुग्णालयांचे कागद तपासून काम भागते. खेड्यात मुळात निदानच होत नव्हते, मग कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव जात, लोकांशी बोलत, कोणाला गाठ आहे, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो याची विचारपूस करत आणि संशय आला की त्या व्यक्तीला बार्शीला तपासणीसाठी पाठवत. या नोंदींतून दिसले, की या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वाधिक आहे. नुसत्या गावभेटींचा आणि लक्षणांविषयीच्या माहितीचा परिणामही पुढच्या काही वर्षांत दिसला. सुरुवातीच्या टप्प्यातच दवाखान्यात पोहोचणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले.

सव्वा लाखाहून अधिक बायका, तीन चाचण्या

पुढचा प्रश्न होता, लक्षणे दिसण्याआधीच आजार पकडायचा कसा? त्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांची चार भागांत विभागणी झाली. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहण्याची 'व्हीआयए' तपासणी. चौथ्या भागात मोहीम म्हणून कोणतीही चाचणी झाली नाही. तिथे नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती एवढेच होते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया दगावल्या, तर आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ३४. पुढच्या टप्प्यात गेलेला कॅन्सर पहिल्या गटात ८२ जणींना आढळला, दुसऱ्यात ३९ जणींना. म्हणजे एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हीआयए यांच्या एकाच फेरीने मृत्यूंत ठळक फरक पडला नाही.

याची दखल जगाने घेतली. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये पॅप स्मिअरऐवजी एचपीव्ही चाचणी स्वीकारली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्राथमिक तपासणीसाठी हीच चाचणी सुचवली : तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. अनेक अभ्यासांचा आधार या शिफारशीला आहे. त्यांत आपल्या शेजारच्या खेड्यांचा वाटा मोठा आहे.

या अभ्यासावर टीकाही झाली. तपासणीचा उपयोग ठाऊक असताना ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गटाला ती न देता फक्त पाहत राहणे योग्य होते का, असा आक्षेप काही डॉक्टरांनी घेतला. त्या वेळी देशाच्या ग्रामीण भागात अशी तपासणी कुठेच होत नव्हती, तेव्हा हा गट म्हणजे रोजची वस्तुस्थिती होती, असे संशोधकांचे म्हणणे. वाद कोणत्याही बाजूने सोडवा, एक गोष्ट उरतेच. हे ज्ञान या भागातील बायकांनी किंमत मोजून मिळवून दिले आहे. त्याचा लाभ आधी त्यांच्या लेकी-सुनांना मिळायला हवा.

७९ आणि १.९

प्रत्यक्षात काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. कारण विचारले, की एकच उत्तर ऐकू येते : 'बायका लाजतात, पुढे येत नाहीत.'

या उत्तराचा फोलपणा याच अभ्यासाने दाखवून दिला आहे. चाचणी देऊ केलेल्या गटांत सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी ती करून घेतली. पाचातल्या जवळपास चार जणींनी. त्याही शेतात राबणाऱ्या, लाजणाऱ्या, सासू-नवऱ्याला विचारून घराबाहेर पडणाऱ्याच होत्या. फरक एवढाच, की तिथे आधी घरी येऊन कोणीतरी समजावून सांगितले, तपासणी गावाजवळ झाली आणि दोष आढळल्यावर उपचार कुठे होणार हे ठरलेले होते. तेव्हा प्रश्न लाजेचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे.

सरकारी कार्यक्रमात ही तपासणी नाही असे नाही. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांसाठी तिशीपुढील सर्वांची तपासणी करावी, अशी केंद्राची २०१६ पासूनची कार्यपद्धती आहे. आशाताई घरोघरी जाऊन जो तक्ता भरतात, तो याचसाठी. पण रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजता येतो, साखर बोटाच्या थेंबावर कळते. गर्भाशयमुखाच्या तपासणीला आडोसा लागतो, टेबल लागते, प्रशिक्षित हात लागतो. मग तक्त्यातला तो रकाना मागे पडतो.

शिवाय कार्यक्रमात ठरलेली तपासणी व्हीआयए आहे. ती निरुपयोगी नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी, चार वेळा ती केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी ती पुन्हा पुन्हा आणि नीट व्हावी लागते. एचपीव्ही चाचणीचा नमुना मात्र बाई स्वतःही आडोशाला जाऊन घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली आहे. ज्या तालुक्यात दिवस उसाच्या फडात आणि डाळिंबाच्या बागेत जातो, तिथे ही सोय लहान नाही.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

तपासणी नसते तिथे भीतीचा व्यापार चालतो. 'अंगावरून पांढरे जाते? पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल,' हा सल्ला ग्रामीण भागात अनेकींनी ऐकला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील पाहणीत ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. ज्या बाईची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, तिला पुढची अनेक वर्षे या कॅन्सरची भीती घालून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ शकत नाही.

चाचणीत विषाणू आढळला म्हणजे कॅन्सर झाला, असेही नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात शंभरातल्या साधारण दहा जणींमध्ये तो सापडला; त्यांतील बहुतेकींना कॅन्सर नव्हता. अशांची पुढची तपासणी होते. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात. बहुतेकींना भूल लागत नाही, काही मिनिटांचे काम असते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. कॅन्सरच निघाला, तरी सुरुवातीच्या टप्प्यात तो बरा होऊ शकतो आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे.

लेकींसाठी लस, आयांसाठी चाचणी

लसीच्या कथेतही बार्शी आहे. मुलींना लसीचे किती डोस द्यावेत हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला, त्यांपैकी एक ठिकाण बार्शी. २०१० मध्ये सरकारी आदेशाने लसीकरण थांबले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पाठपुरावा मात्र चालू राहिला. २०२१ मध्ये दिसून आले, की एकच डोसदेखील १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या चिवट संसर्गाला सुमारे ९५ टक्के रोखतो. एक डोस पुरेसा ठरू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले, त्यात या आकड्यांचा उपयोग झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही आता उपलब्ध आहे. ९ ते १४ हे तिच्यासाठी सर्वांत योग्य वय. आज तिशी-चाळिशीत असलेल्या आयांना मात्र चाचणीचाच आधार आहे.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने आशाताईंना किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात दोन प्रश्न विचारावेत : माझी गर्भाशयमुखाची तपासणी कधी आणि कुठे होईल? दोष निघाला तर पुढे कुठे पाठवणार? संबंधांनंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेले, दुर्गंधीयुक्त पाणी जात राहिले, तर ते अंगावर काढू नये. मोहिमेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. घरच्या पुरुषांनी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, असे आपणहून म्हणावे. आणि ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिव्यांच्या यादीत हाही विषय यावा : आपल्या गावातल्या किती बायकांची तपासणी झाली? हा आकडा विचारला जाऊ लागला, तर तो वाढायलाही लागेल.