नर्मदा परिक्रमेला पायी निघताय? आधी दिवसांचं गणित मांडा

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो आणि ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावर पाठीवर सॅक घेतलेल्यांची वर्दळ वाढते. त्यात मराठी माणसं बरीच असतात. गो. नी. दांडेकर, जगन्नाथ कुंटे यांची पुस्तकं वाचून ही वाट अनेकांच्या मनात घर करते. मात्र श्रद्धा कितीही असली, तरी गुडघे आणि तळपाय आपला हिशेब वेगळा मांडतात.

किती दिवस लागतात?

नर्मदेची लांबी १३१२ किमी. दोन्ही तट मिळून २६२४ किमी. धरणांच्या जलाशयांना वळसे पडतात, म्हणून ३००० किमी धरून चला. आठवड्यात सहा दिवस चाल आणि एक दिवस विश्रांती, असा हिशेब केला तर :

• रोज २५ किमी : १४० दिवस
• रोज २० किमी : १७५ दिवस

१५ नोव्हेंबरला निघालात, तर पहिल्या वेगाने एप्रिलच्या सुरुवातीला पोहोचाल, दुसऱ्या वेगाने मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मे महिन्यात निमाडचा पारा चाळिशीपार असतो. आजारपणाचे दिवस वेगळेच. त्यामुळे रजा चार महिन्यांची नको, सहा महिन्यांची मागा.

अवघड टप्पा कधी येतो?

नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, हा मुख्य नियम. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालात, की बडवानीनंतर शूलपाणीची झाडी लागते. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुवा भागातले चढउतार यातच येतात. म्हणजे सगळ्यात दमवणारा टप्पा सुरुवातीलाच, अंग चालीला सरावण्याआधी. ‘चालता चालता सवय होईल’ हा भरवसा इथे महागात पडतो.

तयारी कशी करावी?

• किमान तीन महिने आधी सराव सुरू करा. शेवटच्या महिन्यात भरलेली सॅक घेऊन सलग दोन दिवस २०-२० किमी चाला. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते.
• रोजच्या चालीने पाय सुजतात. बूट थोडे सैल घ्या आणि घरीच वापरून मऊ करा.
• पहिला आठवडा रोज १२ ते १५ किमीच चाला.
• मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांचा सल्ला आणि औषधांची चिठ्ठी सोबत हवीच.

सॅकमध्ये काय?

वजन शरीराच्या एक दशांश. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साडेसहा किलो, पाण्यासकट. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, तेव्हा थंडीचं अंथरूण-पांघरूण टाळू नका. कपडे दोन जोड पुरेत. आधार कार्डाच्या प्रती, फोटो, पॉवर बँक ठेवा. आश्रमांत आणि गावांत जेवण किंवा सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा मिळतो. तरीही थोडी रोकड हवी, कारण रेंज नसेल तिथे यूपीआय चालत नाही.

समुद्राचं काय?

नर्मदा जिथे सागराला मिळते, तिथे दक्षिण तटावरच्या विमलेश्वर-कठपोर भागातून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला नावेने जावं लागतं. नाव भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, आपल्या वेळापत्रकावर नाही. एक-दोन दिवस हाताशी राखून ठेवा.

थांबायचं कधी?

ताप उतरत नसेल, पायाची जखम चिघळली असेल किंवा तळपाय बधिर होत असेल, तर चाल थांबवून दवाखाना गाठा. मधुमेहींनी साधा फोडही अंगावर काढू नये. जिथे थांबलो तिथूनच पुन्हा सुरुवात करत, टप्प्याटप्प्याने खंड परिक्रमा करणारेही अनेक आहेत. कुठल्या परिस्थितीत परतायचं, हे निघण्याआधीच घरच्यांशी बोलून ठरवा. तिकडे ‘नर्मदे हर’च्या भरात तो निर्णय घेणं जड जातं.