डिजिटल व्हिडिओ गेमची खरेदी आणि परताव्याचा प्रश्न : परभणी जिल्ह्यातील ग्राहकाच्या संदर्भात

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे खरेदी-विक्रीच्या व्यवहाराचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. एकेकाळी व्हिडिओ गेम सीडीच्या रूपात दुकानात मिळत असे. सीडी चालली नाही तर ग्राहक ती घेऊन त्याच दुकानात जाई आणि दुकानदाराला समोरासमोर उत्तर द्यावे लागे. आज परभणी, गंगाखेड किंवा जिंतूर येथील विद्यार्थी मोबाइलवरून यूपीआयद्वारे पैसे भरतो आणि काही मिनिटांत गेम मिळवतो. त्याच्या हाती वस्तू नसते, ओळखीचा दुकानदार नसतो आणि विक्रेत्याचे मुख्यालय बहुधा परदेशात असते. अशा खरेदीत गेम सदोष निघाला, जाहिरातीप्रमाणे नसला किंवा घरातील लहान मुलाने परस्पर विकत घेतला, तर पैसे परत मिळण्याचा मार्ग कोणता, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ येथे अभिप्रेत नाहीत. त्यांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे.

खरेदीदाराला काय मिळते?

'विकत घ्या' असे लिहिलेले बटण दाबल्यावर खरेदीदाराला सामान्यतः मालकी मिळत नाही, तर वापराचा परवाना मिळतो. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा त्या खेळातील आभासी वस्तूंवर खर्च झालेल्या पैशाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एक कायदा केला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर त्याने बंधनकारक केले. हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विक्रीकराच्या संदर्भात सीडीवरील तयार संगणक-आज्ञावली ही 'वस्तू' ठरविली. डाउनलोड केलेल्या गेमबाबत 'वस्तू की सेवा' हा वाद संभवतो. तथापि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि 'ग्राहक' या संज्ञेत ऑनलाइन खरेदीदाराचा समावेश आहे. त्यामुळे गेमला वस्तू म्हटले काय किंवा सेवा म्हटले काय, खरेदीदार कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही.

कंपन्यांची धोरणे

वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या विक्रीमंचाने जून २०१५ मध्ये परताव्याचे धोरण जाहीर केले. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम कोणतेही कारण न देता परत करता येतो. एपिक गेम्स स्टोअरने साधारण अशाच मर्यादा स्वीकारल्या. सोनीच्या प्लेस्टेशन स्टोअरवर चौदा दिवसांची मुदत असली तरी डाउनलोड सुरू झाल्यावर, गेम सदोष नसल्यास, परतावा मिळत नाही. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत थेट विनंती करता येते. त्यानंतर गेम बनविणाऱ्याशी संपर्क साधावा लागतो.

या मर्यादांना दुसरी बाजूही आहे. दोन तासांच्या आत संपणारा गेम पूर्ण खेळून पैसे परत घेणे शक्य असते. 'समर ऑफ फिफ्टी एट' या लहान गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये नेमक्या याच कारणाने काम थांबवीत असल्याचे जाहीर केले होते. म्हणजे परताव्याची मुदत ठरविताना ग्राहकाचे हित आणि लहान निर्मात्याचे हित यांचा तोल सांभाळावा लागतो.

सवलत आणि अधिकार

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. गेम आवडला नाही म्हणून पैसे परत मिळणे ही विक्रेत्याने दिलेली सवलत आहे. भारतीय कायद्यात केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात चौदा दिवसांत करार मागे घेण्याची मुभा आहे. परंतु ग्राहकाच्या संमतीने डिजिटल मजकूर पुरविण्यास सुरुवात झाली की तीही संपते. याउलट, सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणाऱ्या गेमचे पैसे परत मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. तो कंपनीच्या चौदा दिवसांवर वा दोन तासांवर अवलंबून नाही.

ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने २०१६ मध्ये वाल्व्हविरुद्ध दिलेला निर्णय या दृष्टीने मार्गदर्शक आहे. परतावा मिळणारच नाही अशा आशयाच्या अटी दिशाभूल करणाऱ्या ठरवून न्यायालयाने तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कंपनी अमेरिकेत असली तरी ती ऑस्ट्रेलियात व्यवसाय करते, हेही त्यात मान्य झाले. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा गेम अनेक दोषांसह बाजारात आला, तेव्हा सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि खरेदीदारांना पूर्ण परतावा देऊ केला.

भारतात २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेले ई-कॉमर्स नियम याच दिशेचे आहेत. परदेशी असूनही भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू वा सेवा देणाऱ्या संस्थांना ते लागू होतात. सदोष, त्रुटीयुक्त किंवा जाहिरातीतील गुणधर्म नसलेल्या वस्तू-सेवेचा परतावा विक्रेत्याला नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात निराकरण करणे अपेक्षित आहे.

बियाण्याचा दाखला

'वापरल्यानंतर परत कसे घ्यायचे?' हा विक्रेत्यांचा नेहमीचा युक्तिवाद असतो. परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्याला हा युक्तिवाद नवा नाही. बियाण्याचा दोष पेरणीनंतरच कळतो आणि पेरलेले बियाणे परत करता येत नाही. २०२० च्या खरीप हंगामात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. त्यापूर्वी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक असल्याचे मान्य केले. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाण्याचा नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, त्याच लॉटचे बियाणे तपासणीस पाठविण्याची विनंती महामंडळ करू शकले असते, असेही न्यायालयाने म्हटले.

हेच तत्त्व डिजिटल गेमला अधिक चपखल लागू पडते. गेमचा दोषही वापरल्याशिवाय कळत नाही. मात्र येथे तो केव्हा उघडला, किती मिनिटे चालला, कितीदा बंद पडला, याची नोंद विक्रेत्याच्याच संगणकात असते. शिवाय परवाना रद्द केला की परत घेण्याची क्रिया पूर्ण होते. माल वाहून नेण्याचा खर्च उरत नाही.

अज्ञान मुलांची खरेदी

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही. मोहोरी बीबी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये असा करार मुळातच रद्दबातल ठरविला. परंतु खाते पालकाचे आणि पिनही पालकाचा असल्यास करार पालकाशीच झाला, असे विक्रेता म्हणू शकतो. अमेरिकेत मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीबाबत अ‍ॅपल कंपनीने २०१४ मध्ये किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली आहेत. तरीही पिन मुलांच्या हाती न देणे हाच पहिला उपाय होय.

तक्रारीचा मार्ग

प्रथम कंपनीकडे लेखी विनंती करावी. पावती, व्यवहार क्रमांक, जाहिरातीचे व दोषाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्याय आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. त्यामुळे सोनपेठ वा पालमच्या ग्राहकाला मुंबई-बेंगळुरू गाठण्याची गरज नाही. परभणी येथील आयोग पुरेसा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ई-जागृती प्रणालीद्वारे तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. विक्रेत्याच्या अटींत लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मात्र करारातील अटच अनुचित असल्याची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते.

समारोप

पाचशे-हजार रुपयांच्या गेमसाठी आयोगापर्यंत कोण जाणार, असे म्हटले जाते. विक्रेत्यांची भिस्तही याच उदासीनतेवर असते. प्रत्येकाचे नुकसान लहान असले तरी सर्वांचे मिळून ते लहान राहत नाही. कंपनीने दिलेली सवलत कंपनी काढून घेऊ शकते. कायद्याने दिलेला अधिकार ती काढून घेऊ शकत नाही. हा भेद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे वाणिज्य, विधी व संगणकशास्त्राच्या अध्यापकांना सहज शक्य आहे. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी भाषणांऐवजी विद्यार्थ्यांकडून एखाद्या गेमच्या अटी वाचून घेतल्या आणि तक्रारीचा मसुदा लिहून घेतला, तर ग्राहक-शिक्षणाला प्रत्यक्ष आधार मिळेल.