घाटाच्या मापाची गाडी

१५ डिसेंबर २०१८ रोजी जावा मोटरसायकलची देशातली पहिली दोन दालनं उघडली आणि ती दोन्ही आपल्याकडे पुण्यात: एक बाणेरला, दुसरं चिंचवडला. त्याच्या बरोबर महिनाभर आधी मुंबईत गाडीचं अनावरण झालं होतं आणि पाच हजार रुपये भरून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली होती. २५ डिसेंबरला कंपनीला ती नोंदणी थांबवावी लागली, कारण पुढच्या सप्टेंबरपर्यंत तयार होणाऱ्या सगळ्या गाड्यांना गिऱ्हाईक लागलं होतं. बावीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडलेल्या एका नावासाठी लोकांनी गाडी चालवूनही न बघता पैसे भरले होते.

पुण्यात बिनदुचाकीचं घर शोधूनच काढावं लागतं. त्यामुळे इथे अशी हौसेची गाडी घेणं म्हणजे जवळजवळ नेहमीच दुसरी गाडी घेणं. पहिली गाडी कामाची. ती लक्ष्मी रोडच्या गर्दीत शिरते, पार्किंगच्या पी-वन पी-टू पाट्या बघून उभी राहते, भाजी आणते, मुलाला क्लासला सोडते. दुसरीकडून काय हवं, हे मात्र बहुतेक जण नीट ठरवत नाहीत. दालनात जातात, टाकीवरचा क्रोम बघतात, बाजूच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचा आकडा ऐकतात आणि मोठा आकडा घेऊन घरी येतात. सहा महिन्यांनी ती गाडी आवरणाखाली असते. माझं मत असं, की पुणेकराने दुसरी गाडी निवडताना आधी आपले रस्ते बघावेत आणि मग इंजिन.

हे रस्ते कोणते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे. रविवारी पहाटे निघणारा माणूस जातो तो डोणज्यावरून सिंहगडाला, पानशेतला, मुळशीवरून ताम्हिणीला, बोपदेव घाटातून सासवडला किंवा भोरवरून वरंध्याकडे. यातला एकही रस्ता ताशी १२० किलोमीटरने जायचा नाही. वळणं, चढ, पावसाळ्यात शेवाळ धरलेले कडे, मध्येच म्हशी, मध्येच खड्डा. वरंधा तर दरडींमुळे पावसाळ्यात पुष्कळदा बंदच ठेवतात. अशा ठिकाणी हलकी, बुटकी, तिसऱ्या गिअरमध्ये समाधानाने चढणारी गाडी लागते. छोट्या रेट्रो गाड्यांचं रूप जुनं असतं म्हणून त्या लोकांना आवडतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यांचं मापही आपल्या घाटांना बसतं, याकडे कमी लोक बघतात.

जावाचा आणि पुण्याचा संबंध दालनांच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो जरा वळणावळणाने येतो. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली लुना आणली. १९८४ मध्ये कायनेटिक आणि होंडा एकत्र आले आणि इंदूरजवळ पिथमपूरला कायनेटिक होंडा बनू लागली: बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर. पुण्यातल्या एका पिढीच्या मुली त्या स्कूटरवरून कॉलेजला गेल्या. पुढे होंडा बाहेर पडली. २००८ मध्ये महिंद्रांनी कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय घेतला, त्याबरोबर पिथमपूरचा कारखाना आला आणि चिंचवड एमआयडीसीत दुचाकींचं संशोधनकेंद्र उभं राहिलं. महिंद्रांची स्वतःची मोजो नावाची ३०० सीसीची मोटरसायकल २०१५ मध्ये बाजारात आली, फारशी खपली नाही, पण तिचं इंजिन चांगलं होतं. महिंद्रांनी बोमन इराणी आणि अनुपम थरेजा यांच्यासह क्लासिक लेजंड्स ही कंपनी काढली, जावा हे नाव वापरण्याचा हक्क मिळवला, आणि मोजोच्या इंजिनाचं रूप व स्वभाव बदलून ते नव्या जावात बसवलं. गाडी बनते त्याच पिथमपुरात. म्हणजे ज्या कारखान्यातून कायनेटिक होंडा आली, तिथूनच आजची जावा येते. पुण्याच्या दुचाकी-इतिहासात इतका सलग धागा मला दुसरा सापडलेला नाही.

बोमन इराणी यांचं नाव त्यात असणं योगायोग नाही. त्यांचे वडील रुस्तम इराणी यांनी फारुख इराणी यांच्यासह म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभारला. १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर २५० सीसीच्या गाड्या बनू लागल्या. मूळ कंपनी प्रागची. फ्रांटिशेक यानेचेक याने १९२९ मध्ये सुरू केलेली. १९७३ पासून म्हैसूरच्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. १९८५ नंतर हिरो होंडाने चार-स्ट्रोकचं मायलेज दाखवून दिलं होतं, धुराचे नियम कडक होत होते, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या जड दोन-स्ट्रोक गाडीला पुढे वाट उरली नव्हती.

ती जुनी गाडी यंत्र म्हणून फार विचारपूर्वक केलेली होती. सिलिंडर एक, पण धूर बाहेर जायला तोंडं दोन, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. स्ट्रोक लांब असल्यामुळे कमी वेगातही ती ओढायची, आणि धडधड संथ. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा: आत दाबून वर फिरवला की तो किक होई, गाडी चालू झाली की पुन्हा खाली आणून त्यानेच गिअर टाकायचे. शिवाय पायाने गिअर टाकताना आतल्या आत क्लच आपोआप सुटे, त्यामुळे क्लचची वायर तुटली तरी माणूस घरी पोचत असे. नाना पेठेतले जुने मिस्त्री अजून हे कौतुकाने सांगतात. सुटे भाग मोजके, सगळे हाताने उघडता येणारे. ही गाडी शेतावर, दुधाच्या कॅनखाली, पोस्टमास्तराच्या दिमतीला दशकानुदशके टिकली ती याच साधेपणामुळे.

मग दुसरी गाडी म्हणून तीच जुनी का घेऊ नये? पुष्कळांना हा मोह होतो, आणि ज्याच्या हातात पाना खेळतो त्याने तो जरूर पुरा करावा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आणि नाना पेठेत भाग मिळतात, घडवून देणारेही आहेत. पण आधी कागद बघा. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण आणि हरित कर. मूळ मालकाचा पत्ता लागत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, हात लावू नये. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरती. रोज रस्त्यावर फिरवायला नाही. आणि आताचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते, कार्बोरेटरचे जुने रबरी वायसर फुगतात. जुनी जावा ही दुसरी गाडी होऊ शकत नाही, तो दुसरा संसार असतो, आणि तो आनंदाने करणारी माणसं पुण्यात आहेत. बाकीच्यांनी नवी बघावी.

नव्या जावातली माझी निवड फॉर्टी टू. क्रोमची झळाळी असलेली थोरली जावा फोटोत अधिक सुंदर दिसते, पण फॉर्टी टू जरा साध्या कपड्यातली आणि २०१८ मध्ये स्वस्तही होती: दिल्लीत १ लाख ५५ हजार एक्स-शोरूम, थोरली १ लाख ६४ हजार. इंजिन तेव्हा दोघींचं एकच होतं: २९३ सीसी, पाण्याने थंड होणारं, २७ अश्वशक्ती आणि २८ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर. त्या गाडीचं वजन १७० किलोच्या आसपास होतं, सीटची उंची ७६५ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय ओल्या उतारावर पूर्ण टेकले पाहिजेत. घाटातल्या अर्ध्या फजित्या थांबताना होतात, पळवताना नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित फॉर्टी टूमध्ये ही उंची ७८८ झाली आहे, तेव्हा बसूनच ठरवावं.

जुनं रूप आणि नवं इंजिन यांची सांगड घालताना कारागिरांनी काय केलं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या इंजिनाला रेडिएटर लागतो, तो जुन्या गाडीला नव्हताच. तो त्यांनी काळा करून फ्रेमच्या पुढच्या नळ्यांमध्ये बसवला. इंजिनाच्या अंगावर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पट्ट्या दिल्या, कव्हरांना जुना गोलवा दिला. आणि सिलिंडर एकच असूनही सायलेन्सर दोन ठेवले. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहाचे नियम आले तेव्हा एक सायलेन्सर काढून टाकणं सगळ्यात सोपं होतं. त्याऐवजी कंपनीने सिलिंडर हेडमधल्या धुराच्या वाटा एकमेकींत जोडून, दोन्ही नळ्या राखून, नियम पाळले. मला हा निर्णय फार आवडतो. दुसरा सायलेन्सर गेला असता तर गाडी चालली असती, पण ती जावा राहिली नसती.

मर्यादाही सांगायला हव्यात. हे इंजिन फिरवून घ्यावं लागतं. त्याचा पुरा टॉर्क वरच्या फेऱ्यांना येतो, तर रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी इंजिनाचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांना मिळतो. मागे माणूस बसवून सिंहगडाचा शेवटचा चढ चढताना हा फरक कळतो: एनफील्ड गिअर न बदलता चढते, जावाला एक गिअर खाली घ्यावा लागतो. ज्याला गिअर टाकण्यातच मजा वाटते त्याला याचं काहीच वाटणार नाही. ज्याची बायको किंवा आई नेहमी मागे बसणार आहे, त्याने २०२२ मध्ये आलेली हंटर ३५० चालवून बघावी. तिचं वजन १८१ किलो, म्हणजे क्लासिक ३५० पेक्षा चौदा किलोंनी कमी, आणि चाकं सतरा इंचांची असल्यामुळे ती पेठांच्या बोळांतही सहज वळते. होंडाची सीबी ३५०ही अतिशय शांत आणि निर्दोष चालणारी गाडी आहे. मला तिच्यात ओढ वाटत नाही, पण तो माझ्या मनाचा भाग झाला.

ट्रायम्फ स्पीड ४०० चा मोह मात्र पुणेकराला आवरणं कठीण, कारण ती बजाज आपल्या चाकणला बनवते. ३९८ सीसी, ४० अश्वशक्ती, १७६ किलो. २०२३ मध्ये ती २ लाख ३३ हजारांना आली तेव्हा नाव ब्रिटिश आणि हात चाकणचे, याचा इथे अनेकांना अभिमान वाटला, मलाही वाटला. गाडी म्हणून ती या सगळ्यांत सरस आहे. पण ती वेगासाठी हाकारत राहते, आणि आपल्या रविवारच्या रस्त्यांवर ती ताकद बहुतेक वेळ आवळूनच धरावी लागते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. सरकारने ओढलेली ही रेघ छोट्या गाडीच्या बाजूची आहे. ज्याला दर महिन्याला कोल्हापूर किंवा गोवा गाठायचा आहे त्याने मात्र स्पीडच घ्यावी. सातारा रस्त्यावर तिची किंमत वसूल होते.

घेण्यापूर्वी चालवून बघताना दालनाच्या पुढचा सपाट सर्व्हिस रोड पुरत नाही. चढावर थांबून पुन्हा निघायला मिळेल अशी फेरी मागा. बाणेरमधून निघालात तर पाषाण-सूस बाजूचा चढ जवळ आहे. सिग्नलला चार मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहा आणि पायाला किती गरम लागतं ते बघा. गाडी बंद करून हाताने मागे ढकला, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दुसऱ्या रांगेत उभी राहणार आहे आणि रोज कुणी ना कुणी ती हलवायला सांगणार आहे.

दुसऱ्या गाडीची खरी दुखणी उभं राहण्याची असतात. नव्या गाड्यांत एबीएस आणि इंधनाचं इंजेक्शन असल्यामुळे सगळा भार बॅटरीवर, आणि फॉर्टी टूला किक नाही. तीन आठवडे हात लावला नाही तर चार्जर जोडून ठेवावा किंवा आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी; नुसती जागेवर चालू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकचं आवरण घालू नये, आत वाफ धरते आणि क्रोमवर ठिपके येतात. कापडी, श्वास घेणारं आवरण आणि चाकांच्या तारांवर पातळ तेलाचा हात पुरतो. चाकांत हवा दोन पौंड जास्त ठेवावी. विम्यात थोडे पैसे वाचतात, ते पुष्कळांना माहीत नसतं: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा एका गाडीवर काढलेला असेल तर दुसऱ्या गाडीवर पुन्हा काढावा लागत नाही. दालनातला माणूस तो यादीत धरतोच, तेव्हा पहिल्या गाडीची पॉलिसी बरोबर न्यावी.