🐇 *सशासाठी कोणती बंदूक घ्यावी? आधी हे वाचा*



हरभरा उगवून वर आला की दरवर्षी ग्रुपवर हाच प्रश्न येतो. "साहेब, ससे रोपं खाऊन राहिलेत. एअरगन घेऊ का? परवाना लागत नाही म्हणतात. कोणती चांगली?"

थोडक्यात उत्तर: *सशासाठी कोणतीच बंदूक घेऊ नका.* का, आणि तिच्याऐवजी काय करायचं, ते खाली सविस्तर देतोय. मेसेज मोठा आहे, पण पूर्ण वाचा. यात पैसे वाचतील आणि कोर्टाच्या चकराही.

*१) "परवाना लागत नाही" याचा खरा अर्थ*

४.५ मि.मी. पर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विकत घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, हे बरोबर आहे. पण ही सूट फक्त बंदूक जवळ ठेवण्यापुरती आहे, शिकारीसाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि माणूस अडकतो.

आपल्याकडचा रानससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. स्वतःच्या शेतात, स्वतःचं पीक खाताना मारला तरी ती शिकारच. फासा लावणं, वाघूर लावणं, कुत्री सोडून पकडणं, इतकंच काय, नुसता मारायचा प्रयत्न करणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरलेली बंदूक आणि गाडी सरकारजमा होऊ शकते. मोर किंवा काळवीट असेल तर कैद कमीत कमी ३ वर्षं.

काहींच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आहे. त्यांनाही हेच लागू. तो परवाना हत्यार बाळगायचा आहे, जनावर मारायचा नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वन विभागाकडून लेखी परवानगी मागता येते. पण ती परवानगी दाखवून ससा मारता येत नाही.

*२) बंदूक तशीही कामाची नाही*

▪️ *एअरगन:* छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. रात्री बॅटरीच्या उजेडात पळत्या सशाला नीट लागत नाही. जनावर जखमी होऊन झुडपात मरतं आणि दुसऱ्या रात्री दुसरा ससा येतो. छर्रा दगडावर आपटून कुठेही उडतो, आणि रात्री शेजारच्या शेतात कुणीतरी पाणी देत असतं हे विसरू नका.

▪️ *कार्बाइडची पाईप गन:* हिच्याने ससा मरत नाही, फक्त आवाज होतो. दोन-चार दिवस घाबरतो, मग सरावतो. धोका मात्र मोठा. पाण्यात कार्बाइड टाकलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार लगेच उडाला नाही की माणूस नळीत वाकून बघतो, आणि तेव्हाच उडतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे याच पाईप गनने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. घरात लहान मुलं असतील तर ही वस्तू दारातसुद्धा आणू नका.

▪️ *तारेत लाईटचा करंट आणि विषारी आमिष:* हे दोन्ही तर नकोच नको. करंटमध्ये ससा सापडेल न सापडेल, पहाटे मोटर चालू करायला गेलेला आपलाच माणूस सापडतो. मग गुन्हा सदोष मनुष्यवधाचा. विष आपलं कुत्रं खातं, नाहीतर मोर.

*३) आधी खात्री करा, खाल्लं कुणी?*

सकाळी लवकर शेतात जा आणि कापलेलं रोप हातात घेऊन बघा.

✅ *ससा:* वरखाली दोन्हीकडे पुढचे धारदार दात. त्यामुळे काप तिरका आणि स्वच्छ, कात्रीने कापल्यासारखा. जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या आतच. जवळ गोल, कोरड्या लेंड्या.
✅ *हरिण, रोही:* वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे देठ ओढून तोडल्यासारखं, चिंध्या झालेलं दिसतं. खुरांचे ठसे असतात.
✅ *रानडुक्कर:* माती उकरलेली, रोप मुळासकट उपटलेलं.
✅ *मोर:* उगवतं बी उकरून खाल्लेलं, पायाचे तीन बोटांचे ठसे.

बरेचदा सशाच्या नावावर दुसऱ्याचंच काम निघतं. मग खर्च वाया.

*४) नुकसान मोजा*

हरभऱ्याच्या ओळीत दहा ठिकाणी एक-एक मीटर मोजा. १० सें.मी. अंतरावर पेरणी असेल तर मीटरमध्ये साधारण १० रोपं, म्हणजे एकूण १००. त्यात कापलेली किती, तेच तुमचे टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हरभऱ्याची बीजदलं जमिनीखाली राहतात, म्हणून वरून खाल्लेलं लहान रोप खालच्या डोळ्यातून पुन्हा फुटतं. आपण स्वतःच शेंडे खुडतो की नाही! त्यामुळे ओल चांगली असेल आणि शंभरात पाच-सात रोपं खाल्लेली असतील तर घाबरू नका, आठवडाभर लक्ष ठेवा. सोयाबीनचं तसं नाही. त्याची बीजदलं वर येतात. त्यांच्याखाली कापलं की रोप संपलं. म्हणून खरिपात सोयाबीनला आणि भाजीच्या रोपवाटिकेला पहिल्या दिवसापासून जपा.

*५) मग करायचं काय?*

🔹 *कोंबडी जाळी:* ३ फूट रुंदीची, सव्वा इंचापेक्षा मोठी भोकं नसलेली. सव्वादोन फूट उभी ठेवा. खालचे ९ इंच *बाहेरच्या बाजूला* जमिनीवर वाकवून वर दगड-माती टाका. रानससा बीळ करून राहत नाही, गवतात दबून बसतो. त्यामुळे जाळी खोल पुरायची गरज नाही, पण खाली फट राहिली तर तो तिथूनच शिरतो.

🔹 *खर्चाचा हिशोब:* चौकोनी एक एकराचा घेर साधारण ८३५ फूट. म्हणजे ५० फुटी १७ बंडल. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एकत्र तुकड्याला लावली तर मधल्या बांधाची जाळी वाचते. एका पिकाचा धोका टळला की काढून गुंडाळून ठेवा आणि पुढच्या पिकाला वापरा.

🔹 *जुन्या साड्या:* १८ फुटी साडी धरली तर एकराला जवळपास ५० लागतात. खालची कड मातीने दाबली तरच उपयोग, नाहीतर ससा खालून जातो. वाऱ्याने फाटतात, पण सुरुवातीचे तीन आठवडे निघून जातात. आपल्याला तेवढेच हवेत.

🔹 *संत्रा, डाळिंबाची नवी कलमं:* प्रत्येक झाडाला फूटभर रुंद, दोन फूट उंच जाळीचं नळकांडं. साल कुरतडणं थांबतं.

🔹 *बांध:* पिकालगतचं आठ-दहा फूट गवत कापून मोकळं ठेवा. लपायला जागा नसली की ससा उघड्यावर यायला कचरतो. पेटवू मात्र नका.

*६) डुक्कर, रोही किंवा हरणाने खाल्लं असेल तर*

त्याच दिवशी फोटो काढा आणि ३ दिवसांच्या आत वन विभागाकडे तक्रार द्या. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. रान मोडून दुसरं काही पेरायच्या आधी हे करा. वन विभागाची हेल्पलाइन: *१९२६*.

📸 *आजचं काम:* उद्या सकाळी कापलेल्या रोपाचा जवळून फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि पीक व पेरणीची तारीख लिहून ग्रुपवर टाका. कोणाचं काम आहे ते सांगतो. जाळी एकत्र मागवायची असेल तर घेराचे फूट मोजून कळवा, म्हणजे ऑर्डर एकदमच देता येईल.

आणि ज्यांनी एअरगन आधीच घेतली आहे त्यांनी ती घरीच ठेवावी, शेतात नेऊ नये. 🙏

– तुमचा कृषी सल्लागार